अण्णाच्या बारा चिठ्ठ्या

आमच्या केंद्राच्या दारात चपला काढायची जागा आहे. सकाळी चार जोड असतात, दुपारपर्यंत ढीग होतो, आणि मग कुठली कुणाची ते कळत नाही. किस्स्यांचंही तसंच. कुणी ठरवून जमवत नाही. रोज कुणीतरी एक काढून ठेवतो आणि आत जातो.

केंद्र म्हणजे बिदरच्या नौबादमधलं व्यसन सोडवायचं केंद्र. वीस-पंचवीस माणसं, आणि सगळ्यांना दिवसभर एकच काम. एक गोष्ट करायची नाही! अशा ठिकाणी किस्से होणार नाहीत तर कुठे होणार?

मी तिथं भावासोबत गेलो. मोठा भाऊ मिलिंद, मी त्याला अण्णा म्हणायचो. आम्ही जनवाड्याचे. अण्णा सेंट्रिंगच्या कामावर जायचा. कमर धरली म्हणून दुखण्याच्या गोळ्या सुरू केल्या. कमर राहिली, गोळ्या वाढत गेल्या. केंद्रात पेशंटसोबत घरचं एक माणूस लागतं, म्हणून मी. पुढे मी तिथंच स्वयंपाकाला लागलो, कारण माझ्या भाकरी गोल होतात. शाळेत सहावी दोनदा केली आणि सातवीत पळालो, पण भाकरी गोल होतात.

अण्णा आता नाही. तो शुद्धीत गेला की गोळीत गेला, हे मला दोन-अडीच महिने माहीत नव्हतं. दोस्त विचारतात, "अजून वर्ष झालं न्हाई, अन् तू हसायलास कामून?" मी म्हणतो, बसा. चहा घ्या. सांगतो.

*

पहिल्याच दिवशी स्वभावाचा फॉर्म भरावा लागतो. भरून घेणाऱ्या मॅडम कलबुर्गीच्या. त्यांना मॅडम कुणीच म्हणत नाही, सगळे अक्का म्हणतात. त्यांच्या बापाच्या वयाची माणसंसुद्धा.

आमच्या पुढे शरणप्पा अप्पा बसले होते. हळ्ळीखेडला त्यांचं मोठं किराणा दुकान. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि रोज तेलंगणाच्या बाजूची, नशेची पावडर घातलेली शिंदी. अक्कांनी फॉर्ममधला प्रश्न वाचला, "अप्पा, तुम्ही विचार न करता कामं करता का?"

अप्पा बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या सांगतो. विचार करावा लागंल."

मग अण्णाचा फॉर्म झाला. मग माझा. घरच्या माणसाचाही भरतात.

अक्का म्हणाल्या, "एखादी गोष्ट हवीशी वाटली की तुला..."

"व्हय."

"अरे, प्रश्न संपू दे."

"संपू दे की. उत्तर तेच हाय."

अण्णा खुर्चीवरून पडायचा राहिला, इतका हसला. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी दोघांचे फॉर्म शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "दोघांचे जवळजवळ सारखेच. तो गोळ्या खातो, तू खात नाहीस. एवढाच फरक."

मग त्यांनी समजावलं. काही माणसांच्या डोक्यात बक्षिसाची घंटा जरा मोठी असते. काही मिळणार म्हटलं की ती इतक्या जोरात वाजते की पुढचं काही ऐकू येत नाही. घंटा वाईट नाही, फक्त मोठी आहे. ती कुठल्या दाराला बांधायची ते ठरवावं लागतं.

अण्णा म्हणाला, "अक्का, आमच्या एका घरात दोन घंटा. मायला झोप कशी लागंल?"

मी पण हसलो. पण खरं सांगतो, त्या दिवसापासून पोटात एक खडा होता. तो जसा, तसाच मी. मग मी कधी?

*

ती घंटा बांधायचं दार म्हणजे आमचा डबा. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, दर मंगळवारी सकाळी निघतो. लघवीची तपासणी करायची. त्यात काही सापडलं नाही तर डब्यात हात घालून चिठ्ठी काढायची. पहिल्या आठवड्याला एक चिठ्ठी, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. केंद्रातून घरी गेलं तरी मंगळवारी यायचं, बाटली द्यायची, चिठ्ठ्या काढायच्या. एक मंगळवार चुकला किंवा तपासणीत सापडलं, की परत एकपासून.

अर्ध्याहून जास्त चिठ्ठ्यांवर नुसतं "शाब्बास" लिहिलेलं असतं. बाकीच्यांवर साबण, कंगवा, टॉवेल, स्टीलचा गिलास. आणि अख्ख्या डब्यात एकाच चिठ्ठीवर कुकर. पाच लिटरचा. तो अक्कांच्या खोलीत कपाटावर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला. येता-जाता सगळे त्याच्याकडे असं बघायचे, जसं देवळात शिरताना बघतात.

शरणप्पा अप्पांना पहिल्याच चिठ्ठीत साबण लागला. छोटा, हिरवा. अप्पांनी तो दोन्ही हातांनी घेतला, वास घेतला, आणि तिथूनच घरी फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून सगळ्या हॉलने ऐकलं.

"अगं, साबण लागला!"

पलीकडून बायको म्हणाली, "काय लागलं? कुठं लागलं? डॉक्टरला दाखवलं का?"

"लागलं न्हाई, साबण लागला! बक्षीस!"

"अय्यो, आपल्या दुकानात साबणाची अठरा खोकी पडल्यात!"

अप्पा एकदम गंभीर झाले. "ते आणलेले हाईत. हा मिळालेला हाय."

तो साबण त्यांनी वापरला नाही. उशीखाली ठेवला. रोज आंघोळ बायकोनं पाठवलेल्या साबणानं, आणि झोपताना या साबणाचा वास. आम्ही चिडवायचो, "अप्पा, शिंदी सोडून साबणाचं व्यसन लागलं की!" अप्पा म्हणायचे, "लागू दे. यात फेस तरी सोताचा हाय."

*

अण्णाचा डोळा कुकरवर होता.

त्याला कारण होतं. आमच्या घरचा कुकर त्यानंच विकला होता, गोळ्यांसाठी. मायनं त्याला एक शब्द विचारला नाही. डाळ पातेल्यात शिजवायला लागली. आता डाळ पातेल्यात शिजते तेव्हा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ माय चुलीपुढं गप्प बसून असायची. अण्णा म्हणायचा, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती डाळ लई बोलती रे."

मी म्हटलं, "मी पगार झाला की आणतो कुकर."

तो म्हणाला, "न्हाई. इकत न्हाई आणायचा. मिळालेला पाहिजे."

मी म्हटलं, "अप्पाच्या शेजारी झोपून तुला बी साबणाचा वास लागलाय!"

*

एकदा अक्कांनी हॉलमध्ये सगळ्यांना गोळा केलं आणि विचारलं, "आत्ता एक चहा पाहिजे की रविवारी तीन चहा पाहिजेत? ज्याला जे पाहिजे ते मिळेल."

मला नंतर कळलं की ही पण एक परीक्षाच होती. थांबता येतं का ते बघायची.

सगळे ओरडले, "आत्ता!" मी तर स्वयंपाकघरात होतो, चहा माझ्याच हातात होता, तरी ओरडलो.

शरणप्पा अप्पा व्यापारी माणूस. ते पुढे सरकून म्हणाले, "अक्का, असं करू. आत्ता तुम्ही मला दोन द्या, रविवारी मी तुम्हाला एक देतो."

पाशाभाई रिक्षावाला म्हणाला, "इतवार कू हम रहे नहीं रहे, किस कू मालूम! अब्बीच दे दो!" हा पाशाभाई बिदरच्या जुन्या शहरातला. खोकल्याचं औषध आणि गोळ्या, दोन्ही चालायचं. तिसऱ्यांदा भरती झाला होता आणि स्वतःला केंद्राचा सीनियर समजायचा.

आणि अण्णा? अण्णा शांतपणे म्हणाला, "मला रविवारी."

अक्कांचा चेहरा उजळला. त्यांनी त्याच्या फाईलमध्ये काहीतरी लांबलचक लिहिलं. पाशाभाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "वली हो गया रे ये!" अण्णा मान खाली घालून बसला. खरंच साधूसारखा दिसत होता.

स्वयंपाकघरात आला तेव्हा मी विचारलं, "अण्णा, जमलं कसं तुला?"

तो कुजबुजला, "काय जमलं रे? पोटात ढवळायलंय. चहाचा वास बी नको वाटायलाय."

गोळ्या सुटतात तेव्हा पोट असं ढवळतं. तेवढंच होतं! रविवारी मात्र तिन्ही चहा मानानं प्याला. मी हे त्याच्या हयातीत कुणाला सांगितलं नाही. तो गेल्यावर सांगितलं. शरणप्पा अप्पा हसता हसता रडायला लागले, आणि तेव्हापासून आमच्यात कुणी शहाण्यासारखं वागलं की अप्पा एकच प्रश्न विचारतात, "ढवळायलंय का?"

*

हा किस्सा माझ्या गाढवपणाचा आहे.

एका मंगळवारी सकाळी पाशाभाईनं मला संडासाच्या मागे गाठलं. हातात रिकामी बाटली. "गौतम, मेरे भाई, तेरा पानी दे."

"काय?"

"अरे, तू कुछ लेता नहीं ना? तेरा साफ रहता. मेरा आज साफ नहीं है. दो दिन पैले जरा गलती हुई. बाहर गया था, खालाजान बीमार थी..."

दुसरा कुणी असता तर विचार केला असता. मी विचार करेपर्यंत बाटली भरून झाली होती.

तपासणी स्वच्छ आली. पाशाभाईला तीन चिठ्ठ्या. पहिली शाब्बास, दुसरी शाब्बास, तिसरी टॉवेल! मोठा, निळ्या पट्ट्यांचा, आंघोळीचा. असा टॉवेल माझ्याकडे कधी नव्हता. घंटा वाजली. पाशाभाई टॉवेल खांद्यावर टाकून निघाला आणि मी भर हॉलमध्ये ओरडलो, "ओ पाशाभाई, अर्धा माझा हाय! माल माझा हुता!"

अक्कांनी चष्मा काढला. पाशाभाईनं टॉवेल हळूच घडी करून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मैं दस साल से नशा करता, मेरे मुँह से कब्बी ऐसी बात नहीं निकली. तू बिगर नशे के ऐसा है?"

पाशाभाई परत एका चिठ्ठीवर. आणि मला अक्कांनी शिक्षा दिली की महिनाभर सगळ्यांच्या बाटल्यांवर नावाच्या पट्ट्या मीच चिकटवायच्या. अण्णा मागे बसून हसून हसून डोळे पुसत होता. म्हणाला, "गौत्या, तू जर गोळ्या खाल्ल्या असत्यास ना, तर पहिल्याच दिवशी सोताच पोलिसाला सांगून आला असतास. तुझं काय होत न्हाई, जा!"

ते तो चेष्टेनं म्हणाला. पण माझ्या पोटातला खडा त्या दिवशी जरा हलला.

*

या किस्स्यात हसायचं काही नाही. पण हा नसला तर पुढचे कळणार नाहीत.

अण्णा घरी गेला होता. जनवाड्याहून दर मंगळवारी मित्राची मोटारसायकल घेऊन यायचा. अकरा मंगळवार झाले होते. तो बारावा. मी सकाळच्या पहिल्या बसनं कामावर निघालो तेव्हा तो दारात दात घासत होता. बोटं दाखवून म्हणाला, "आज बारा. बारा येळा हात घालणार! आज कुकर घेऊनच येतो बघ."

डबा निघाला. अक्कांनी नाव पुकारलं, "मिलिंद, जनवाडा." नाही. परत पुकारलं. नाही. पाशाभाई म्हणाला, "आयेगा रे, आयेगा." अक्कांनी सगळ्यांचं उरकून घेतलं, तरी डबा उघडा ठेवला. साडेअकरा झाले. फोन लागत नव्हता.

मी स्वयंपाकघरातून पळी घेऊनच बाहेर आलो आणि सगळ्यांसमोर बोललो, "घेतली असंल त्यानं! मला म्हायती हाय. मायचा कुकर इकणारा माणूस हाय त्यो! काय वाट बघायलाव? लावा झाकण!"

अक्कांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, गैरहजर. आणि झाकण लावलं.

त्या वेळी तो रस्त्यावर पडलेला होता. उसाच्या उभ्या ट्रॉलीला मागून धडकला होता. सकाळीच. दहाच्या आधी.

ट्रॉलीवाला सांगत होता की वासरू आडवं आलं, त्याला वाचवायला गेला. पण ट्रॉलीवाल्याचं कोण ऐकतो? गावात एकच बोलणं, "दिवसाउजेडी उभी ट्रॉली दिसत न्हाई म्हंजे घेतल्यालाच असणार." शवविच्छेदन झालं. काय काय काढून कलबुर्गीच्या लॅबला पाठवलं. रिपोर्टला वेळ लागतो म्हणाले. माय कुणालाच काही म्हणाली नाही. पातेल्यात डाळ शिजत राहिली.

आणि मी? मी गावाशी भांडलो, दोघांना मारलं, एकाकडून मार खाल्ला. पण गावानं जे नंतर म्हटलं, ते सगळ्यात आधी मीच म्हटलं होतं. पळी हातात घेऊन.

*

अण्णा जाऊन तीन आठवडे झाले असतील. शेळ्यांच्या छपराचा पत्रा हलत होता म्हणून वर चढलो, तर पत्र्याखाली खोचलेली गोळ्यांची पट्टी सापडली. जुनी, धुळीनं भरलेली. सहा गोळ्या शिल्लक.

खोटं कशाला सांगू? घंटा वाजली. बघू तरी, अण्णाला यात काय मिळायचं? एकच गोळी. दुखणारं सगळं थांबतं म्हणायचा.

मी पट्टी खिशात घातली आणि घराला कुलूप लावून बस धरली. माय शेतात कामाला गेली होती. अक्कांना देणार होतो की खाणार होतो, ते मला बसमध्येही माहीत नव्हतं. नौबादला उतरलो. केंद्राच्या दारात पाशाभाई रिक्षा लावून उभा होता. आता त्याचे परत पाच मंगळवार झाले होते, स्वतःच्या पाण्यावर.

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. खिशातल्या हाताकडे बघितलं. "क्या है रे जेब में?"

"काय न्हाई."

"जेब में हाथ डालके 'कुछ नहीं' मैं दस साल से बोल रहा हूँ. निकाल."

काढली. आम्ही दोघं त्या पट्टीकडे बघत उभे राहिलो. पाशाभाईच्या कपाळावर घाम आला. त्यानं तोंड फिरवलं, भिंतीला हात टेकला आणि ओरडला, "सोच मत! सोचा तो अपन दोनों गए! फेक!"

बाजूला संडासाच्या टाकीचं झाकण सफाईसाठी उघडं होतं. मी फेकली. अख्खी मूठ उघडली.

आता बघा. पहिलीच्या मास्तरांपासून अक्कांपर्यंत प्रत्येकानं मला जन्मभर हेच सांगितलं, आधी विचार कर. आणि मी आयुष्यात एक काम बरोबर केलं ते एकानं "विचार करू नको" म्हटल्यावर!

फक्त मुठीत घराची किल्ली पण होती.

दुपारी माय दारात बसलेली. "किल्ली कुठाय?"

"अण्णाच्या गोळ्या सापडल्या हुत्या. त्यांच्यासंगं गेली."

"कुठं?"

"संडासाच्या टाकीत."

माय उठली, अंगणातला दगड उचलला आणि तीन घावांत कुलूप तोडलं. दार ढकलून म्हणाली, "चल, हातपाय धू. जेवायचं हाय."

त्या रात्री ती घोरली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

*

पोलीस ठाण्यातून फोन आला की रिपोर्ट आलाय. मी गेलो. कागद इंग्रजीत. हवालदार साहेब चांगले होते, म्हणाले बस, मी वाचून सांगतो. वाचत वाचत त्यांनी तोंड बारीक केलं, जसं दुःखाच्या घरी करतात, आणि म्हणाले, "सॉरी बाबा. काही सापडलं नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे दारू, गोळी, औषध, शिंदी, काहीच नाही रक्तात. सगळं कोरं आहे."

मी टेबलावरून त्यांच्या गळ्यात पडलो. टोपी खाली पडली, चहा सांडला. ते ओरडले, "अरे सोड! काही सापडलं नाही म्हणतोय मी!"

"तेच की साहेब! तेच पाहिजे हुतं!"

मग मी ते केलं जे माझ्यासारखाच माणूस करील. मिठाईच्या दुकानातून पेढे घेतले आणि जनवाड्याच्या बसस्टँडवर उभा राहून वाटायला सुरुवात केली. दिसेल त्याला पेढा. एक म्हातारा मागे सरकला आणि म्हणाला, "पोराला येड लागलं. भाऊ मेलाय अन् हा पेढे वाटायलाय!"

मी म्हटलं, "मेलाच हाय बाबा. पर कोरा मेलाय. घ्या!"

त्यानं दोन घेतले.

घरी मायला सांगितलं. तिनं एक पेढा खाल्ला. एक बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवला, आणि एक शेजारी अण्णाच्या. पदरानं अण्णाच्या फोटोची काच पुसली आणि म्हणाली, "ह्याला म्हायतीच हुतं. आपल्यालाच न्हवतं."

माझ्या पोटातला खडा कुठे गेला, मला कळलंच नाही. मी चुलीपुढं बसून पोटभर रडलो आणि मग पोटभर जेवलो. पातेल्यातली डाळ. इतकी चांगली लागली की दोनदा घेतली.

*

आता शेवटचा.

पुढचा मंगळवार. मी रिपोर्टचा कागद अक्कांना दाखवायला घेऊन गेलो, म्हणजे दाखवून परत कामाला लागणार होतो. माय पण सोबत आली, अक्कांना भेटते म्हणून. हॉल भरलेला. पाशाभाई, शरणप्पा अप्पा, सगळे बाटल्या देऊन बसलेले.

अक्कांनी कागद वाचला. जुनं रजिस्टर काढलं, पानं उलटत मागे गेल्या, आणि लाल पेननं एक शब्द खोडला. गैरहजर. त्याच्या बाजूला लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "तपासणी कलबुर्गीला झाली. स्वच्छ." मग डबा पुढे ओढला, झाकण काढलं आणि पुकारलं, "मिलिंद, जनवाडा. बारा चिठ्ठ्या."

"जा रे," पाशाभाईनं मला मागून ढकललं. "तेरे भाई का नंबर है."

मी हात घातला. पहिली, शाब्बास. दुसरी, शाब्बास. तिसरी, कंगवा. कुणीतरी टाळी वाजवली. चौथी, शाब्बास. पाचवी, शाब्बास. सहावी साबण, तेव्हा शरणप्पा अप्पा उभे राहिले आणि मायला म्हणाले, "वापरू नका हां, उशीखाली ठेवा!" सातवी, शाब्बास. आठवी, गिलास. नववी, शाब्बास. पाशाभाई प्रत्येक चिठ्ठीला लिलाव पुकारल्यासारखा ओरडत होता. दहावी, शाब्बास. अकरावी, टॉवेल. निळ्या पट्ट्यांचा!

"आधा मेरा!" पाशाभाई ओरडला, आणि हॉल असा हसला की बाहेरचे लोक खिडकीत आले. माय पण हसली. पदर तोंडावर धरून.

मग एकच चिठ्ठी राहिली. कुकर अजून निघाला नव्हता. इतक्या मंगळवारांत कुणालाच निघाला नव्हता. सगळ्यांचे डोळे कपाटावरच्या पिशवीकडे गेले आणि परत माझ्या हाताकडे आले.

"बारावी," अक्का म्हणाल्या.

माझा हात डब्यात होता. बोटांत चिठ्ठी होती. घंटा इतक्या जोरात वाजत होती की कानात दुसरं काही नव्हतं. मी मायकडे बघितलं. मग चिठ्ठी सोडली आणि हात रिकामा बाहेर काढला.

"पुढच्या मंगळवारी," मी म्हटलं.

"अरे काढ ना!" "येडा हाय का हा!" "या अल्लाह, निकाल रे!" सगळा हॉल उठून उभा राहिला. अक्का चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. मायनं फक्त बाजूची जागा हातानं झाडली, मी बसावं म्हणून.

शरणप्पा अप्पा मात्र गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आले, माझ्या कपाळाला हात लावून बघितला, आणि हळू आवाजात विचारलं, "काय रे गौतम, ढवळायलंय का?"